तेरा वर्षांनी श्टुटगार्टला गेले, स्टेशनभोवतीचे पत्रे तिथेच! श्रीमंत देश थांबलेत का?

तुकोगंजची_काकू | सोमवार, सकाळी ११.२०

नमस्कार मंडळी. बऱ्याच दिवसांनी धागा काढतेय, लांबलाय, सांभाळून घ्या.

मुलगा श्टुटगार्टला असतो. पहिल्यांदा २०११ ला गेले होते, त्याची नोकरी नवी, घरात एक गादी आणि दोन कप. मेन स्टेशनला उतरलो तर एक बाजू पाडलेली आणि सगळीकडे पत्रे ठोकलेले. म्हणाला, आई, पूर्ण स्टेशन जमिनीखाली नेतायत, २०१९ ला होईल. मागच्या वर्षी परत गेले, आता त्याला दोन मुलं आहेत, आणि उतरून बघते तर पत्रे तिथेच, उलट वाढलेत. बॅगा ओढत कुठल्या कुठल्या तात्पुरत्या बोळातून चालवलं मला. साडेचार अब्ज युरोचं काम अकरा अब्जाच्या वर गेलंय आणि खालून अजून गाडी धावलेली नाही. तेवढ्या काळात आपल्या इंदूरने बीआरटीएस (बसची वेगळी लेन) बांधली, वापरली, तिला मनसोक्त शिव्या घातल्या आणि तोडायलासुद्धा घेतली!

बर्लिनच्या विमानतळाचं पण तेच. काम २००६ ला सुरू, उघडणार होतं २०११ ला, उघडलं ऑक्टोबर २०२० मध्ये, म्हणजे कोविडमध्ये कुणी कुठे उडत नव्हतं तेव्हा.

पण पत्रे जाऊ द्या. मला खटकलं ते वेगळंच. तेरा वर्षांत त्या गावात मला नवीन असं काही दिसलंच नाही हो. कोपऱ्यावरची बेकरी तीच, रविवारी सगळं बंद तेच, विम्याचे कागद अजून पोस्टाने येतात, रेडिओवर तीच ऐंशीच्या दशकातली गाणी. फक्त भाडं बदललंय. आणि गाड्या उशिरा येतात, जर्मनीत! २०२४ मध्ये त्यांच्या लांब पल्ल्याच्या शंभरातल्या साधारण बासष्ट गाड्याच वेळेवर होत्या, त्यातही सहा मिनिटांच्या आतला उशीर धरतच नाहीत. मुलगा सांगत होता की २०२३ आणि २०२४ दोन्ही वर्षं अर्थव्यवस्था वाढायच्या ऐवजी आकसली. शेजारच्या आजी (माझ्याच वयाच्या, मी आजी म्हणतेय गंमत बघा) म्हणत होत्या की आता नवीन काही नको, आहे ते टिकलं तरी पुष्कळ.

मी बँकेत पस्तीस वर्षं काढली, अर्थशास्त्र शिकलेली नाही. पण इतका पैसा, इतकी हुशार माणसं, इतकी शिस्त, आणि पुढे काय करायचं हेच ठाऊक नाही असं कसं होतं? हे समाधान म्हणायचं की थकवा? जाणकारांनी सांगावं.

जीरावन | सोमवार, सकाळी ११.४१

पोहे, जलेबी, वर डबल शेव घेऊन पहिल्या रांगेत बसलोय. काकू, जोरदार!

ओसाकावाला_भिया | सोमवार, दुपारी १.०५

काकू, थांबलेलं बघायचं असेल तर आमच्याकडे या. मूळचा सुदामा नगरचा, २०१४ पासून ओसाकाला.

इथला शेअर निर्देशांक १९८९ च्या डिसेंबरात ३८,९१५ ला बंद झाला होता. तो आकडा परत ओलांडला फेब्रुवारी २०२४ मध्ये. चौतीस वर्षं!! कुणी पंचविशीत सगळी पुंजी त्यात घातली असती तर मुद्दल बघायला साठीला आला असता. आम्ही पीपीएफच्या पंधरा वर्षांना रडतो.

दुसरा किस्सा आकड्याबाहेरचा आहे. इथे गारिगारी-कुन नावाची स्वस्तातली बर्फाची कांडी मिळते, पोरं शाळेतून येताना खातात. २०१६ मध्ये तिची किंमत ६० येनची ७० केली. पंचवीस वर्षांत पहिल्यांदा. तर कंपनीने जाहिरात केली, त्यात सगळे कर्मचारी आणि साहेब लोक रांगेत उभे राहून वाकून माफी मागतायत. दहा येनसाठी! तेव्हा मी हसलो होतो. मग लक्षात आलं की किंमत वाढत नाही म्हणजे पगार पण वाढत नाही, पगार वाढत नाही म्हणून माणूस खर्च करत नाही, खर्च करत नाही म्हणून दुकानदार किंमत वाढवायला घाबरतो, आणि हे चक्र असं गोल गोल फिरत एक अख्खी पिढी निघून जाते.

ती पिढी मी ऑफिसात बघतो. १९९३ पासून पुढे दहा-बारा वर्षं जे कॉलेजातून बाहेर पडले त्यांना इथे रोजगाराच्या हिमयुगातली पोरं म्हणतात. इकडे नोकरी लागायची ती कॉलेज सुटता सुटता, तेव्हा हुकली की हुकली. त्यांच्यातले आज पन्नाशीला आलेले कंत्राटावर काम करणारे लोक आहेत, लग्न नाही, घर नाही, हुशारीत आपल्या साहेबापेक्षा कुठे कमी नाहीत. चूक एवढीच की चुकीच्या वर्षी जन्मले.

फ्लॉपीवर सरकारी कागद द्यायचे नियम २०२४ मध्ये कुठे काढले, ते सांगतच नाही आता. आणि रिकामी घरं ९० लाख. यांना अकीया म्हणतात. गावाकडे तर फुकट मिळतात.

पण एक सांगू का, रात्री बारा वाजता माझी बायको एकटी चालत घरी येते. पोराचं औषधपाणी जवळजवळ फुकट. थांबलेत म्हणून यांची कीव करावी असं मला रोज वाटत नाही, कधीकधी वाटतं.

निव्वळ_वाचक | सोमवार, दुपारी १.३०

वाचतेय. ओसाकावाले, बर्फाच्या कांडीचा किस्सा भारी.

दीडशहाणा_हिशेबी | सोमवार, सायं. ६.१२

थोडं थंड डोक्याने घेऊ या.

एक टक्क्याने वाढणारी गोष्ट दुप्पट व्हायला सत्तर वर्षं लागतात, सात टक्क्याने दहा. म्हणजे तिकडे आजोबाच्या आयुष्यात जेवढा फरक पडतो तेवढा आपल्याकडे पोराच्या दहावीपर्यंत पडतो. म्हणून आपल्याला तिकडे सगळं गोठलेलं वाटतं. पण सात टक्के कुणाला मिळतात? जो मागे आहे त्याला. दुसऱ्याने शोधलेलं उचलायचं असतं.

इंदुरी उदाहरण देतो. १९७८ ला नर्मदा इंदूरात आली. सत्तर किलोमीटरवरून डोंगर चढवून पाणी आणलं. माझी आई सांगते त्याच्या आधी काय हाल होते, अख्खी सकाळ बादलीत जायची. नळाला पाणी आलं त्या दिवशी घरातल्या बायकांचं आयुष्य बदललं. वीज, गॅस, फ्रीज, मुलींचं कॉलेज, हे सगळं तिच्या एका जन्मात झालं. आता विचार करा, नर्मदा दुसऱ्यांदा कशी आणणार? (फेज दोन आणि तीन धरू नका हो, मुद्दा कळला ना.) श्रीमंत देशांचं तेच झालंय. त्यांची नर्मदा शंभर वर्षांपूर्वी येऊन गेली. त्यानंतर जे येतं ते नळाची तोटी बदलल्यासारखं. माझ्या आईच्या आणि माझ्या मुलीच्या स्वयंपाकघरात खरा फरक किती सांगा? मिक्सर तोच, कुकर तोच, वर एक एअर फ्रायर ज्यात कुणी काही करत नाही.

वर नवीन शोध महाग होत चाललेत. कॉम्प्युटरच्या चिपची ताकद दर दोन वर्षांनी दुप्पट होते म्हणतो ना आपण, तोच वेग टिकवायला आज सत्तरच्या दशकाच्या अठरा पट संशोधक लागतात. विहीर आटत नाही पण दोर लांब लागतो.

आणि कॉन्कॉर्ड विमान विसरू नका. न्यूयॉर्क ते लंडन साडेतीन तास. २००३ ला बंद. आज सात तास लागतात, फक्त समोर टीव्ही असतो.

जीरावन | सोमवार, सायं. ६.२०

हिशेबी, एअर फ्रायरला काही बोलायचं नाही. आमच्याकडे त्यात गराडू होतो.

पाटणीपुरा_७८ | सोमवार, रात्री ९.४८

मला हा अख्खा धागा वाचून थोडी चीडच येतेय, राग मानू नका.

वाढ एक टक्का झाली, गाडी दहा मिनिटं लेट झाली, रेडिओवर जुनी गाणी लागली, याला तुम्ही थांबणं, स्टॅग्नेशन म्हणताय. आम्ही मिल एरियातले. आमची शाळा मिलच्या भोंग्यावर भरायची, घड्याळ नव्हतं कुणाकडे. मग एकेक करून भोंगे बंद झाले. हुकुमचंद मिल १९९२ ला बंद झाली आणि तिथल्या कामगारांच्या हक्काचे २२४ कोटी मिळाले डिसेंबर २०२३ मध्ये. चार हजार आठशे कामगार, आणि बऱ्याच घरांत पैसे घ्यायला कामगार उरलाच नव्हता, वारस होते. एकतीस वर्षं. जर्मनीत स्टेशन लांबलं तर मुलाला लांबून चालावं लागतं. इथे गल्ल्याच्या गल्ल्या म्हाताऱ्या झाल्या.

आणि तरी अनंत चतुर्दशीला झांक्या (सजवलेले चित्ररथ) निघतात की नाही? मिल नाही, मशीन नाही, पगार नाही, पण त्या त्या मिलच्या नावाची झांकी रात्रभर इंदूर फिरते, लाखो लोक बघतात. मी पण दरवर्षी जातो, या वर्षीही गेलो. बघताना छान वाटतं आणि घरी येऊन झोप लागत नाही. हे जिवंत आहे का नुसतं दरवर्षी पुन्हा लावतोय आपण, मला कळत नाही.

तुकोगंजची_काकू | सोमवार, रात्री १०.३०

पाटणीपुरा, राग कशाचा, बरोबर बोललात. मी लिहिताना हा विचार केलाच नव्हता.

मेरुखंड | मंगळवार, सकाळी ७.१५

झांकीचा मुद्दा महत्त्वाचा आहे म्हणून लिहितो, एरवी मी अर्थकारणाच्या धाग्यावर फिरकत नाही.

परत परत तेच करणं म्हणजे साचणं, असं सरसकट नाही म्हणता येत. गायक अमीर खाँसाहेब आपल्या इंदूरचे. तोच मारवा राग, तेच सूर, आणि मेरुखंडात, म्हणजे सुरांचे क्रम उलटसुलट करत, त्याच चार सुरांच्या किती जागा काढायचे. पण तिथे दर बैठकीला नव्याने काढावं लागतं, कालचं आज चालत नाही. आता तिकडचं बघा. २०२४ साली अमेरिकेत सगळ्यात जास्त गल्ला गोळा करणारे पहिले दहा सिनेमे काढा, बहुतेक सगळे भाग दोन, भाग तीन, भाग चार. १९८५ चं एक गाणं एका वेब सीरिजमध्ये वाजलं आणि २०२२ मध्ये ब्रिटनमध्ये पहिल्या नंबरावर गेलं. अमेरिकेत जेवढं संगीत ऐकलं जातं त्यातलं सत्तर टक्क्यांच्या वर जुनं. नवीन पोरं वाजवत नाहीत असं नाही, खूप वाजवतात. पण वीस-वीस कोटी डॉलर लावणारा माणूस नव्यावर पैसा लावत नाही, जे एकदा चाललंय त्यावरच लावतो. पैसा जास्त झाला की हिंमत कमी होते, हे मी आपल्या संगीत सभांच्या आयोजकांतही बघतो.

दुसरं, बाउमोल नावाचे अर्थशास्त्रज्ञ होते, त्यांनी साठच्या दशकात दाखवलं की चौघांनी वाजवायची एखादी रचना दोनशे वर्षांपूर्वी जेवढ्या माणसांत आणि जेवढ्या वेळात व्हायची तेवढ्यातच आजही होते. कारखान्यात माणूस दसपट माल काढतो, वादक नाही काढू शकत, पण पगार तर त्यालाही आजचा द्यावा लागतो. म्हणून शाळा, दवाखाना, म्हाताऱ्यांची देखभाल, गाणं, हे सगळं श्रीमंत समाजात महागच होत जातं आणि समाज जितका म्हातारा तितका जास्त पैसा तिथेच जातो. विलंबित द्रुत करून कसं चालेल?

दीडशहाणा_हिशेबी | मंगळवार, सकाळी ९.०२

मेरुखंड, बाउमोलसाठी दंडवत. पण ते सत्तर टक्के जरा जपून वापरा, त्या हिशेबात दीड वर्षाच्या वरचं गाणं जुनं धरतात. मागच्या दिवाळीच्या आधीच्या दिवाळीचं गाणं पण जुन्यातच गेलं. आमच्या आईच्या हिशेबाने १९७० नंतरचं सगळं नवीनच.

आणि ही थांबल्याची ओरड पण जुनीच आहे. अमेरिकेत हॅन्सन नावाच्या प्रोफेसरांनी १९३८ मध्ये सांगितलं की आता वाढ संपली, लोकसंख्या वाढत नाही, नवीन जमीन नाही. त्यानंतर पुढची तीस वर्षं अमेरिका जेवढी वाढली तेवढी क्वचितच वाढली असेल. २०१३ मध्ये समर्स या अर्थशास्त्रज्ञांनी हॅन्सन यांचाच 'स्टॅग्नेशन' हा शब्द पुन्हा बाहेर काढला. म्हणून मी पैज लावत नाही.

निवृत्त_इन्स्पेक्टर | मंगळवार, सकाळी ११.३३

थोडं अवांतर पण इंदूरचं आहे म्हणून सांगतो. माझ्या नोकरीची काही वर्षं माणिकबाग पॅलेसमध्ये गेली, तिथे आमचं सेंट्रल एक्साइजचं ऑफिस होतं, आता जीएसटी. नवीन पिढीला माहीत नसेल, ती इमारत १९३० च्या सुमारास यशवंतराव होळकरांनी बर्लिनच्या मुथेसियस या तरुण आर्किटेक्टकडून करून घेतली. तेव्हा युरोपात सुद्धा असं घर बघायला मिळणं कठीण. फर्निचर जर्मनीत बनवून बोटीने आणलेलं, ब्रांकुशीची शिल्पं महाराजांनी थेट त्याच्याकडून घेतलेली. १९८० मध्ये त्यातलं बरंच फर्निचर मोंटे कार्लोला लिलावात निघालं. मी जॉइन झालो तेव्हा तिथे गोदरेजची कपाटं आणि लाल फडक्यात बांधलेल्या फायली.

सांगायचं एवढंच की काकू, एक काळ होता जेव्हा जर्मनीतून इंदूरला एकदम नवं कोरं यायचं. अर्थात आणणारा एकच माणूस, पैसा मालव्याच्या रयतेचा, आणि रयतेने ते घर आतून कधी बघितलं नाही. नवं भरपूर होतं पण पाटणीपुऱ्यापर्यंत नाही पोचलं. दुपारी जेवणाच्या सुट्टीत मी त्या जिन्यावर बसायचो, छान गार लागायचं.

निव्वळ_वाचक | मंगळवार, सकाळी ११.५०

बाप रे, हे माहीतच नव्हतं. रोज समोरून जाते.

तिसरा_मजला | मंगळवार, रात्री ८.२७

इतके मोठे लोक लिहितायत तर मी माझ्या मल्टीची गोष्ट सांगतो, मला वाटतं उत्तर तिथेच आहे.

आमची मल्टी १९९४ ची, तीन मजले, बारा फ्लॅट, लिफ्ट नाही. सगळे तेव्हा तिशी-चाळिशीचे, एकत्र होळी, एकत्र कोजागिरी. २०१२ मध्ये आम्ही वरच्यांनी लिफ्टचा ठराव आणला. बारापैकी तीन ग्राउंड फ्लोअर. त्यांनी विचारलं आम्हाला लिफ्टचा काय उपयोग? बरोबरच आहे. मग पहिल्या मजल्यावाले म्हणाले पार्किंगची जागा जाईल. मग कुणीतरी काढलं की खोदकामाने पाया हलेल. मग एक काका म्हणाले आवाज होईल. दर वर्षी मीटिंग, दर वर्षी चहा-समोसा, दर वर्षी पुढच्या वर्षी बघू. कुणीच वाईट नाही हो त्यात! सगळे सज्जन. दिवाळीला फराळाची ताटं अजून फिरतात. पण कुणाही एकाला नको म्हणायचा हक्क आहे आणि हो म्हणायची जबाबदारी कुणाचीच नाही.

दरम्यान तिसऱ्या मजल्यावरचे दोघं विकून गेले, घेणाऱ्याने भाव पाडून मागितला कारण लिफ्ट नाही. माझ्या वडिलांना गुडघ्यामुळे दोन वर्षं खाली उतरता आलं नाही, गॅलरीतून बाजार बघायचे. तेरा वर्षं झाली. तुमचं श्टुटगार्ट आमच्या जिन्यात आहे काकू.

लंडनजवळून | मंगळवार, रात्री ११.५८

तिसरा मजला, तुम्ही अख्खं ब्रिटन दोन पॅऱ्यात सांगितलंत. मी इथे दहा वर्षं, हॉस्पिटलात.

इथे १९९२ नंतर एकही मोठा नवा जलाशय बांधलेला नाही, माणसं मात्र एक कोटीच्या वर वाढली. उन्हाळ्यात बरेच दिवस पाऊस नाही पडला की बागेला पाइप लावायला बंदी, आणि हा देश पावसासाठी बदनाम! लंडन ते मँचेस्टर वेगवान रेल्वे होणार होती, २०२३ मध्ये बर्मिंगहॅमच्या पुढचा भाग रद्दच केला. आणि ज्याचं घर आहे तो प्रत्येक नव्या बांधकामाला हरकत घेतो, कारण त्याच्या खिडकीतून दिसणारं शेत जाईल. १९९७ मध्ये इंग्लंडात सरासरी घर पगाराच्या साडेतीन पट होतं, आता आठेक पट आहे. माझ्याबरोबरची तिशीची नर्स चौघींबरोबर घर शेअर करून राहते, तिच्या आईने त्याच वयात त्याच नोकरीत घर घेतलं होतं. तिला मूल का नाही म्हणून विचारायची हिंमत होत नाही.

म्हणून काकू, तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तर असं, की समाधान आणि थकवा दोन्ही आहे पण एकाच माणसाला नाही. ज्यांचं घर झालं, पेन्शन लागली ते समाधानी. थकवा त्यांच्यानंतर आलेल्यांना. तुम्ही ज्या आजींशी बोललात त्या ग्राउंड फ्लोअरच्या.

ओसाकावाला_भिया | बुधवार, सकाळी ६.४०

लंडनवाले, इथे एक उलटं उदाहरण आहे. पगार थांबले, लोकसंख्या २००८ पासून घटतेय, पण टोकियोत घरं बांधायला शेजाऱ्याची परवानगी लागत नाही, बांधकामाचे नियम देशभर एक, नियमात बसलं की बांधा. म्हणून एवढ्या मोठ्या शहरात साध्या नोकरीतल्या पोराला छोटी का होईना स्वतःची खोली भाड्याने मिळते. जपान थांबला पण आपल्या पोरांना त्याने खोली तरी दिली.

मूल मात्र नाहीच होत. २०२३ ला इथे एका बाईमागे १.२, कोरियात तर ०.७२. खोली मिळून पण. त्यामुळे घर हेच एक कारण असं माझ्याच्याने म्हणवत नाही.

दीडशहाणा_हिशेबी | बुधवार, सकाळी ९.१५

आणि आपण हसायचं कारण नाही. आपला आकडा पण घटून २ च्या आसपास आलाय, दरडोई उत्पन्न अजून तीन हजार डॉलरच्या आत. जपान म्हातारा झाला तेव्हा पैसेवाला होता.

जीरावन | बुधवार, सकाळी ९.२२

हिशेबी, सकाळी सकाळी चहा कडू केलात.

पाटणीपुरा_७८ | बुधवार, दुपारी २.१०

तिसरा मजला, तुमच्या वडिलांचं वाचून माझी चीड गेली. आमच्या इथे पण मिलच्या जमिनीचं काय करायचं यावर तीस वर्षं तेच झालं, प्रत्येकाची हरकत खरी. मधल्या मध्ये माणूस गेला.

तुकोगंजची_काकू | बुधवार, रात्री ९.०५

मंडळी, तीन दिवस सगळं वाचतेय, मुलालाही पाठवलं. एक गोष्ट लिहायची की नाही असं करत होते, लिहूनच टाकते.

आमची गल्ली तुम्हाला माहीत आहे, जुनी मराठी घरं. काल संध्याकाळी फिरायला निघाले तेव्हा मोजली, अकरा बंगल्यांपैकी चारांना कुलूप. पोरं पुणे, बंगळुरू, टेक्सस. एकात माळी येऊन पाणी घालतो, कुणासाठी देव जाणे. ओसाकावाले म्हणतात ती अकीया इथेच आहे की! भाव मात्र असे की नवीन मराठी कुटुंब इथे येणं शक्य नाही, आणि विकायचं कुणाला नाही, बापाचं घर म्हणून.

आमच्या मंडळाचं पण तेच. हॉल स्वतःचा, एफडी भरपूर, खातं मीच बघते म्हणून सांगते, व्याजावर वर्ष निघतं. गणपतीत तीच नाट्यगीतं, तोच सुगम संगीताचा कार्यक्रम, कोजागिरीला तेच मसाला दूध. गाणारे पासष्टचे, ऐकणारे सत्तरचे. मला आवडतं, खोटं कशाला बोलू. दोन वर्षांपूर्वी सात-आठ पोरं आली होती, काही मराठी काही हिंदी, शनिवारी रात्री हॉल द्या म्हणाली, त्यांना गाणी, कविता, काहीतरी विनोदाचं असं करायचं होतं, भाडं पण देत होती. कमिटीत चर्चा झाली. एक म्हणाले आवाज होईल. एकांनी विचारलं भाषा कोणती असेल. एक म्हणाले फरशी नवीन आहे. मग मतदान झालं, नऊ विरुद्ध दोन, नाही म्हणून कळवलं.

त्या नवांत माझा हात होता. मला आता कारणसुद्धा आठवत नाही, सगळ्यांनी वर केला म्हणून केला असेल. आणि मी श्टुटगार्टला जाऊन त्यांना नावं ठेवत बसले.

लंडनजवळून | बुधवार, रात्री ९.४०

काकू, हे लिहायला धाडस लागतं.

मेरुखंड | बुधवार, रात्री १०.०२

ती पोरं आता कुठे करतात कुणाला माहीत आहे का? माझा एक शिष्य त्यांच्यात जायचा असं आठवतं. विजय नगरच्या कुठल्याशा कॅफेच्या गच्चीवर जमायचे, पावसाळ्यात बंद पडलं असं ऐकलं.

तिसरा_मजला | बुधवार, रात्री १०.१५

अपडेट: आमची मीटिंग या रविवारी. ग्राउंड फ्लोअरच्या एका काकूंचं मागच्या महिन्यात गुडघ्याचं ऑपरेशन झालंय आणि त्यांची मुलगी दुसऱ्या मजल्यावर राहते. पहिल्यांदाच त्यांनी स्वतः फोन करून कोटेशन कितीचं आहे विचारलं. बघू.

जीरावन | बुधवार, रात्री १०.३१

एवढा वेळ चेष्टा करत होतो, आता खरं सांगतो. त्या सात-आठ पोरांत मी होतो. काकू, तुम्हीच पाणी विचारलं होतंत आम्हाला, बाकी कुणी नाही. आमचं अजून चालू आहे, दहा-पंधरा जण येतात, जागा मिळेल तिथे. हॉलचं भाडं आता किती आहे?

तुकोगंजची_काकू | बुधवार, रात्री १०.४८

अरे देवा. तो चष्म्यावाला तू का रे?

एकवीसशे, डिपॉझिट वेगळं, चपला बाहेर, आणि रात्री दहाला दिवे बंद. दहाचं कमिटीत बोलून बघते. अर्ज मराठीत लिहून आण, आणि त्या फरशीवाल्या काकांना आधी भेट, त्यांना जलेबी आवडते.